मी चहा प्यालो आणि आईचं भांडण मिटलं

माझ्या थोरल्या काकांना चहातलं ओ की ठो कळत नव्हतं. हे वाक्य मी शांतपणे लिहितोय असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. लिहिताना कान तापलेत. काकांना जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, म्हणून मी वाईट काही बोलणार नाही. फक्त खरं बोलणार आहे. आता ते ऐकायला वाईट वाटलं, तर त्याला माझा इलाज नाही.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचा अंमल गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत काका आणि माझे वडील, म्हणजे आमचे अण्णा, वैजापूरकडची जमीन बटईनं लावून औरंगाबादला आले. शहागंजात त्यांनी चहापत्तीचं दुकान टाकलं. दुकान खाली, बिऱ्हाड वर. माझा जन्म त्या वरच्या बिऱ्हाडातला. पत्ती पातळ लाकडी फळ्यांच्या पेट्यांतून यायची, आत चंदेरी कागद लावलेला असायचा. पेट्या रिकाम्या झाल्या की घरात फर्निचर वाढायचं. मी पेटीवर बसून अभ्यास केला, पेटीत कपडे ठेवले, आणि मुलगी दाखवायला नेलं तेव्हा तिथल्या मऊ खुर्चीत बसता येईना म्हणून अवघडून उठून उभा राहिलो. सासऱ्यांना वाटलं, मुलगा फार नम्र आहे. असो. तो गैरसमज पुढं दूर झाला.

दुकानात सुट्या पत्त्याही मिळत, पण लोक यायचे ते ‘मेळा’साठी. मेळ म्हणजे तीन पत्त्यांची एकत्र केलेली चहापत्ती. आसामची भुकटी रंगाला, दाणेदार पत्ती कडकपणाला आणि निलगिरीकडची लांब पानाची पत्ती वासाला. ऐकायला सोपं आहे. पीठ, मीठ आणि पाणी एकत्र केलं की भाकरी होते, इतकंच सोपं. आमच्या गिऱ्हाइकांत अर्धी घरं शहागंज, सिटी चौकाकडची. तिथं पत्तीचं पाणी एका भांड्यात मंद उकळत ठेवायचं, दूध दुसरीकडं आटवायचं आणि पाहुणा आला की कपात दोन्हींची गाठ घालून द्यायची, अशी रीत. उरलेली अर्धी गिऱ्हाइकं बाजाराला आलेली खेड्यापाड्यांतली. ती पाणी, पत्ती आणि गूळ एकाच पातेल्यात टाकून रटरटा उकळणार आणि काळाच पिणार. एका चहानं बेगमसाहेबांच्या घरातही अब्रू राखायची आणि शेताच्या बांधावरही तोंड काळं करायचं नाही, हे काही खायचं काम नव्हतं.

हा मेळ जमवायची माझी आई.

अण्णांचा प्रश्नच नव्हता. त्यांना तपकिरीचं व्यसन. चहापत्तीच्या व्यापाऱ्यानं तपकीर ओढावी म्हणजे गवयानं कानात कापूस घालून मैफलीला बसावं. अण्णांच्या नाकाशी तुम्ही गुलाब धरा नाहीतर घासलेट, ते दोन्हींना “छान आहे” म्हणायचे. आणि काका? काका चहात साखर घालत नसत, साखरेत चहा घालत. चमचा कपात उभा राहायचा. त्या काकवीत पत्ती कुठली आहे हे देवालाही कळलं नसतं.

आई मात्र नव्या पेट्या आल्या की आतल्या खोलीत वाट्या मांडून बसायची. त्या दिवशी तिच्या पदराला कांद्यालसणाचा वास चालत नसे, म्हणून घरात सगळ्यांना वरण-भात. आमच्या दुकानाशेजारी अत्तरवाले चाचा गाळा घेणार होते, तर आईनं अण्णांकरवी निरोप पाठवला, की चार घरं सोडून घ्या, माझी पत्ती वास धरते. चाचांनी खरंच चार घरं सोडून घेतला. पुढं आयुष्यभर ते आमच्या दुकानात शिरायच्या आधी हात धुवायचे आणि म्हणायचे, “भाभीजान का हुकूम है. मेरी दुकान में तो मेरी बेगम का भी इत्ता हुकूम नई चलता.”

आता यातली मेख सांगतो. आमच्याकडं धाकटी भावजय थोरल्या दिराशी बोलत नसे. समोर येत नसे, आली तर पदर पुढं आणि तोंड बंद. दिरानंही तिला थेट काही विचारायचं नाही. मग एवढा धंदा कसा चालायचा? तर काका स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभे राहून खांबाशी बोलायचे. “यंदाची भुकटी जरा हलकी आली म्हणतात.” आत आई तव्याला सांगायची, “हलकी नाय, ओलीय. उन्हात टाकावी लागंल, न् दाणा वाढवावा लागंल.” काका खांबाला म्हणायचे, “हं.” झाली चर्चा. वर्षानुवर्षं खांब आणि तवा मिळून शहागंजातला सगळ्यांत नावाजलेला चहा जमवत होते. आणि याचाच फायदा घेऊन काका पुढं छातीवर हात ठेवून म्हणायला मोकळे झाले, “मी आयुष्यात तिला एक शब्द विचारलेला नाही.” खरंच होतं ते! या माणसानं खोटं न बोलता चोरी केली. राग येतो तो याचाच. खोटारडा असता तर निदान पकडता आला असता.

पुढं दोघा भावांच्या वाटण्या झाल्या. भांडण वगैरे नाही, अण्णांशी भांडण करणं म्हणजे उशीशी कुस्ती खेळणं. दुकान आणि वरचं बिऱ्हाड काकांकडं गेलं, मुकुंदवाडीतल्या दोन खोल्या आणि एक प्लॉट आमच्याकडं आला. अण्णा मात्र रोज पूर्वीसारखेच दुकानात जाऊन बसायचे, आधी भागीदार म्हणून, आता सवयीनं. मला चिकलठाण्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. मेळाचं काय, हे वाटणीत कुणी काढलंच नाही. भांडी वाटली, गाद्या वाटल्या, पितळी तराजूवरून काकूनं डोळ्यांत पाणी आणलं. पण आईच्या जिभेची वाटणी कशी करणार? जाताना आईनं तव्याला प्रमाण सांगून ठेवलं. काकांनी ते पाठ केलं आणि त्यांना वाटलं, संपलं, आता ही लागत नाही.

आणि मग नळाला जायकवाडीचं पाणी आलं.

तोवर जुन्या शहरात नहरीचं, म्हणजे जमिनीखालच्या जुन्या कालव्याचं, आणि विहिरींचं पाणी. चहाला ते जरा जड. पत्ती त्यात सावकाश उतरायची. नवं पाणी आलं, सगळ्या शहरानं आनंद केला, आणि केलाच पाहिजे होता. पाण्यात काही दोष नव्हता. पण ते हलकं होतं, त्यात पत्ती भसकन उतरायची. जुन्या पाण्यावर बेतलेला मेळ नव्या पाण्यात कडू व्हायला लागला. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली. काका म्हणाले, “तुमचं दूध पातळ असंल.” दुसऱ्याला म्हणाले, “साखर वाढवा.” हा त्यांचा एकमेव सिद्धांत.

आईनं हे ऐकलं आणि मला फर्मावलं, “शहागंजातलं नळाचं पाणी आण. डबाभर.” मी मोठ्या उत्साहानं सायकलला डबा बांधून पाणी आणलं. आईनं त्याचा चहा केला, एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसली. मला वाटलं, चिंतन चाललंय.

“कशात आणलंस रे हे?”

“डब्यात.”

“त्या डब्यात आधी काय होतं?”

आधी घासलेट होतं. मी धुतला होता डबा, पण आमच्या धुण्याला काय किंमत! आईनं सगळं ओतून दिलं आणि म्हणाली, “तुझ्या अण्णांना दे जा. ते छान आहे म्हणतील.” दुसऱ्या खेपेला कळशी नेली.

काही दिवस वाट्या मांडून, नाक खुपसून, आम्हाला वरण-भात खाऊ घालून आईनं नव्या पाण्याचा मेळ जमवला. आधी शेजारच्या बायका मागून न्यायच्या. मग त्यांच्या शहरातल्या बहिणी पैसे घेऊन यायला लागल्या. मग एक दिवस आमच्या दारात शहागंजातलंच जुनं गिऱ्हाईक उभं राहिलं आणि म्हणालं, “बाई, आमचा पहिला चहा तुमच्याकडं निघाला म्हणं.”

हे काकांच्या कानावर गेलं. त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, अण्णांजवळ निरोप दिला की मेळ दुकानाचा आहे, तो घरातून विकता कामा नये. आणि दुसरी, जिच्यामुळं आजही माझं रक्तदाबाचं यंत्र बिचकतं, ती म्हणजे दुकानावर नवी पाटी लावली. पाटीवर फेटा बांधलेले काका, हातात कप, आणि खाली मोठ्या अक्षरांत: ‘सुप्रसिद्ध चहा मेळाचे जनक’.

अण्णांनी हे घरी सांगितलं ते भाजी काय आणायची हे विचारावं तशा आवाजात. आई पत्ती चाळत होती. चाळणी थांबली.

“जनक?”

“तसं लिहिलंय खरं,” अण्णा म्हणाले.

“जनक म्हणं! न् बाळंतपण कुणी केलं? त्यांनी?”

अण्णांनी तपकिरीची डबी उघडली. अडचणीत सापडले की ते डबी उघडत.

“विक्रीचं राहू द्या,” आई म्हणाली. “उद्या म्हणले तर बंद करते. पण चार माणसांत एकदा त्यांनी म्हणावं, हा मेळ हिचा हाय. मला दुसरं काय नको. बोलायचं नसंल तर खांबाला सांगावं, पण माणसं हजर पाहिजेत.”

एवढंच मागणं होतं. मला विचाराल तर फार कमी होतं. मी असतो तर पाटीवर मलाच रंगवा म्हणालो असतो, फेट्यासकट.

मग बैठक ठरली. आमच्याकडं घरगुती तंटा मिटवायला अशी बैठक बसे आणि तिची एक जुनी रीत होती. बोलणं सुरू व्हायच्या आधी चहा यायचा आणि प्रत्येकापुढं ठेवला जायचा. कपावर बशी पालथी. कुणी हात लावायचा नाही. बोलणं मिटलं, दोन्हीकडच्यांनी मान्य केलं, की बश्या उघडायच्या आणि प्यायचं. ज्यानं चहा प्याला त्यानं समोरच्याचं म्हणणं मानलं. नंतर तक्रार चालत नसे. मिटलं नाही तर चहा तसाच थंड व्हायचा आणि भरलेले कप आत जायचे. आतल्या बायका कपांवरूनच समजायच्या काय झालं ते. कोर्टाच्या निकालापेक्षा या कपांना मान होता. सही नाकारता येते, प्यालेला चहा कसा नाकारणार?

मध्यस्थ अत्तरवाले चाचा. दोन्ही घरं त्यांना मानत. आईनं बैठकीला बसायचा प्रश्नच नव्हता, आणि अण्णांना एकटं पाठवायला ती तयार नव्हती. “ते चहा पिऊन, वर भावाचे पाय चेपून येतील.” म्हणून तिनं मला पाठवलं. मी कॉलेजात वक्तृत्वाची बक्षिसं मिळवलेला, बोलायला बसलो तर समोरच्यानं खिशातलं काढून द्यावं असा माझा लौकिक. हा लौकिक मीच पसरवला होता.

निघताना आई म्हणाली, “काय वाट्टेल ते बोल. चहाला मात्र शिवू नको.”

“आई, मी काय लहान आहे?”

“लहान असतास तर सांगितलं नसतं. लहानपणी तू दूध प्यायचास.”

काकांच्या बिऱ्हाडात सतरंजीवर बसलो. काका, मी, अण्णा आणि मधे चाचा. काकूनं कप आणून ठेवले, बश्या पालथ्या घातल्या आणि आत गेली. मी सुरुवात केली. काय बोललो मी त्या दिवशी! पोलीस ॲक्शनपासून सुरू केलं. आईच्या वाट्या, खांब, तवा, नहरीचं पाणी. चाचा मान हलवत होते. अण्णांचेसुद्धा डोळे पाणावले, अर्थात तपकिरीनंही पाणावतात. काका खाली बघत होते. मला वाटलं, जिंकलो. अशा वेळी शहाण्या माणसानं थांबावं. मी शहाणा असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

काका खाकरले आणि म्हणाले, “सगळं खरं. पण प्रमाण मला तोंडपाठ आहे. बनवतो मी, विकतो मी. चहा तोच आहे. मग मेळ माझा का नाही?”

“तोच?” मी उसळलो. “तो चहाच नाही तो! नव्या पाण्यात विष झालंय त्याचं!”

“कशावरून?”

“सगळं गाव म्हणतं.”

“गावाचं सोड. तू म्हणतोस का? तू कधी प्यालास इथला, वाटणी झाल्यापासून?”

“त्यात काय प्यायचं? वासावरून कळतं.”

“अण्णाचा पोरगा तू,” काका हसून म्हणाले. “तुमच्या घरात नाक कधीपासून आलं?”

झालं. आईचा अपमान मी सहन केला होता, तिच्यासाठी तर भांडत होतो. पण माझ्या नाकाचा अपमान? मी झटकन बशी उलटी केली, कप उचलला आणि घोट घेतला. कडू! कडूजहर! अगदी आई म्हणाली होती तसा. विजयाच्या भरात मी तिथंच थांबलो नाही. पुरावा भक्कम असावा म्हणून बशीत ओतला, निवलेला होता तरी फुंकर मारली आणि तळापर्यंत प्यालो. आणि सवयीनं, गरम चहा पोटात गेल्यावर तोंडातून जो निघतो तो “हाऽऽ” सुद्धा काढला.

“बघा!” मी रिकामी बशी सगळ्यांना फिरवून दाखवली. “बघा चाचा! कडू आहे की नाही?”

चाचांनी कपाळावर हात मारला.

“बेटा,” ते म्हणाले, “तू वकालत करने आया था. दस्तखत करके बैठ गया.”

मला अजून उमगेना. तेवढ्यात शेजारून भुरका ऐकू आला. मी प्यालो म्हणजे मिटलं असं समजून अण्णांनी मोठ्या समाधानानं स्वतःचा कप तोंडाला लावला होता. “छान आहे,” ते म्हणाले.

काकू दारात आली, रिकामे कप बघितले, काकांकडं बघितलं आणि कप उचलून आत नेले. आतून भांडी विसळल्याचा आवाज आला. काकांनी पान लावायला घेतलं. मी “अहो, मी तपासत होतो, प्यालो नाही, तपासलं!” असं ओरडत होतो. पण रीत ही रीत. काका म्हणाले, “तपासायला एक घोट लागतो. तू बशी चाटलीस.”

यावरचं उत्तर मी अजून शोधतोय.

तुम्ही म्हणाल, काका हुशार. अजिबात नाही! हुशारी कसली? पोराच्या नाकाला डिवचून त्याच्या आईचं श्रेय खिशात घालायचं, याला आमच्याकडं हुशारी म्हणायची पद्धत पडली आहे. दुकानं, पाट्या, फेटे सगळं त्याच पद्धतीवर उभं आहे. ज्यानं चूल फुंकली त्याच्या डोळ्यांत धूर, आणि ज्यानं ताट वाढलं त्याचा फोटो. मी मूर्ख होतो हे कबूल. पण माझ्या मूर्खपणानं मेळ काकांचा कसा होतो, हे मला कुणी समजावून सांगावं.

घरी येईपर्यंत मी तीन-चार बहाणे तयार केले. आई दारातच उभी होती. तिनं एकच विचारलं.

“कप रिकामा झाला?”

“हो.”

“न् ह्यांचा?”

“त्यांचाही.”

आता ती रडेल नाहीतर चपला काढेल असं मला वाटलं. ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, “कसा होता?”

“कडू.”

“कुठं कडू? जिभंच्या शेंड्याला का घशात?”

“घशात. आणि राहिला बराच वेळ.”

“व्हय?” तिचा चेहरा उजळला. “म्हणजे भुकटी तेवढीच ठिवलीय त्यांनी. अजून कळलं नाय त्यांना.” आणि मग जणू मी बाजारातून भाजी घेऊन आलो आहे अशा थाटात म्हणाली, “जा, हातपाय धू.”

“पण आई, मिटलं म्हणतात ते. रीतीप्रमाणं.”

“ज्यानं पेला त्याचं मिटलं. तू पेलास, ह्यांनी पेला. मी कुठं पेलेय?”

दुसऱ्या दिवशी ती इरकली लुगडं नेसून सिटी बसमध्ये बसली. मी रजा टाकली. मला येऊ नको म्हणाली, म्हणून मी पुढच्या दारानं चढलो. आजवर ती शहागंजातल्या दुकानात पुढच्या बाजूनं कधी गेली नव्हती, वर्षानुवर्षं मागच्या जिन्यानंच. त्या दिवशी ती थेट पायरीवर चढली. दुकानात गिऱ्हाइकांची बऱ्यापैकी गर्दी होती. वैजापूरकडचे एक मुंडासंवाले बाबा काकांना पुडी परत करत होते. “शेट, हे लई कडू लागतंय. सून म्हणती, औषीद हाय का?” काका त्यांना साखरेचा सिद्धांत सांगत होते. आतल्या पेटीवर अण्णा बसले होते. चाचा हात धुऊन नुकतेच टेकले होते.

“भाऊजी,” आई म्हणाली.

दुकानात कुणाला काही विशेष वाटलं नाही. पण काकांनी हातातला तराजू खाली ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी तो आवाज तव्याला उद्देशून ऐकला होता, स्वतःला उद्देशून नाही. त्यांनी पाठ फिरवली. खांब वरच्या बिऱ्हाडात राहिला होता, म्हणून ते फळीवरच्या बरण्यांकडं तोंड करून उभे राहिले.

“भाऊजी, पाटीवर काय लिहायचं ते लिवा. पण या बाबांना सांगा, पत्ती कामून कडू लागती ते. जनक हाव ना तुम्ही?”

काका मला म्हणाले, “तुझ्या आईला म्हणावं, घरी बोलू. ही बोलायची जागा नाही.”

मी म्हणालो, “काका, मला यात पडता येत नाही. माझं काल मिटलंय.”

“हौ,” चाचा म्हणाले. “इसका तो बिलकुल मिट गया. मैं गवाह हूँ.”

काका अण्णांकडं वळले. अण्णांनी डबी उघडली, चिमूट घेतली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, ती नाकाकडं न नेता परत डबीत सोडली. “दादा,” ते म्हणाले, “मीबी पेलोय. तुम्ही तिलाच बोला.”

मुंडासंवाले बाबा पुडी हातात घेऊन एकदा काकांकडं, एकदा आईकडं बघत होते. बाकीचे लोकही थांबले. काकांच्या मानेवर घाम आला होता. मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि अशी दया आल्याचा अजून पस्तावा होतो. शेवटी काका वळले आणि आईच्या पायांकडं बघत म्हणाले, “नळाच्या पाण्याला... काय कमी करावं लागतं?”

“आँ?” मुंडासंवाले बाबा म्हणाले. “म्हंजी हे तुमाला ठावं नाय व्हय? मग हा मेळ कुणाचा?”

काकांनी पुन्हा बरण्यांकडं तोंड केलं. आईनं पदर सारखा केला. “भुकटी कमी करा, न् पान वाढवा,” ती म्हणाली. “किती ते पेटी बघून सांगीन. दर पेटीला निराळं असतं.” आणि बाबांच्या हातातली पुडी घेऊन ती फळीवर ठेवून पायरी उतरली.

बसमध्ये मी धुमसत होतो. म्हटलं, “आई, हे काय झालं? त्यांनी कुठं म्हटलं मेळ तुझा आहे म्हणून? नुसतं विचारलं!”

“विचारलं ना? चार माणसांत?”

“पण पाटी तशीच आहे!”

“पाटी काय चहा करती?”

तिला पुरलं. मला नाही पुरलं. पुढच्या महिन्यात अण्णा म्हणाले की दुकानाची पाटी रंगवायला काढलीय, तेव्हा मी नोकरीवरून परस्पर शहागंजात पळालो. मला वाटलं, आता तरी. रंगारी शिडीवरून उतरला. पाटीवर तोच फेटा, तोच कप, तेच ‘जनक’, आणि खाली नव्या रंगात दुकानाचा टेलिफोन नंबर. एवढीच सुधारणा! मी तिथं रस्त्यात उभा राहून जे बोललो ते इथं लिहिता येणार नाही. रंगाऱ्यानं विचारलं, “तुम्ही मालकाचे कोण?”

घरी येऊन आईला सांगितलं तर ती हसत सुटली. “फोन आला व्हय त्यांना? येऊ दे. आपल्याकडं कुठं हाय? नवी पेटी आली की विचारायला चालतच यावं लागंल.”

आणि काका यायचे. दर नव्या पेटीला, पत्तीचा नमुना पुडीत बांधून, शहागंजातून मुकुंदवाडीला. दारात चपला काढायचे, खाकरायचे. मी आतून तोंड वाकडं करून बघत बसायचो. त्यांना पाणीसुद्धा देऊ नये असं माझं मत होतं, आणि ते मी मोठ्यानं मांडायचो. आई मला गप्प बसवायची. काका ओट्याकडं येऊन उभे राहायचे, नमुना पुढं करायचे आणि पुटपुटायचे, “यात काय कमी करू?”

“काय म्हणालात भाऊजी?” आई म्हणायची. “इष्टोचा लई आवाज हाय बघा. जरा मोठ्यानं.”

काका पुन्हा विचारायचे, या वेळी शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

स्टोव्ह विझलेला असायचा.